नवऱ्याला बोटीवरून एलईडी मास्क आणायला सांगू का?

पत्र चवथीनंतर आलं, बरंच लांब होतं, ओळख गाळून थोडक्यात देते. वाचक 34 वर्षांची, फोंडा तालुक्यातली, पतसंस्थेत नोकरी, चार वर्षांची मुलगी. नवरा क्रूझवर, ऑक्टोबरच्या शेवटी साइन ऑफ होऊन घरी येणार. बाळंतपणानंतर हिच्या दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर वांग आलेत, आणि गेल्या वर्षापासून हनुवटीवर, जबड्याच्या कडेला पुटकुळ्या. जानेवारीत नणंदेचं लग्न. रील्स बघून बघून एलईडी मास्क, म्हणजे आतून बारीक रंगीत दिवे लागणारा चेहऱ्याचा मुखवटा, घ्यायचं मनात आलंय. चांगल्या ब्रँडचा नवरा बाहेरून 400 डॉलरच्या आसपास आणू शकतो, नाहीतर सात रंगांचा एक ऑनलाइन अडीच हजारांत मिळतोय, तो कार्टमध्ये टाकून ठेवलाय. सासूबाई म्हणतात असले मुखवटे लावून बसलीस तर चेडूं (मुलगी) भियेल, त्यापेक्षा लिंबू आणि साय लाव. ती लिहिते, "क्रीमसारखं केमिकल नाही, नुसता प्रकाश, त्याने साइड इफेक्ट काय होणार? शिवाय घरच्या घरी होतं, कोणाला कळत पण नाही. दोन्हीतला कुठला घेऊ तेवढं सांगा." आणि मध्येच कुठेतरी एक वाक्य, "सध्या मेडिकलवाल्याने दिलेली एक ट्यूब रात्री लावते, दोन वर्षं झाली, सुरुवातीला चेहरा एकदम उजळलेला, आता दोन दिवस नाही लावली तर लालबुंद होऊन जळजळतो म्हणून बंद करता येत नाही."

बाय, तू विचारलंस दोन्हीतला कुठला, तर माझं उत्तर आत्ता एकही नाही. अडीच हजारवाला तर आजच कार्टमधून काढ. पण "नको" एवढंच सांगून सोडलं तर तू उद्या परत रील बघशील आणि परत मन जाईल तिकडे, म्हणून सविस्तर लिहिते. आणि खरं सांगू, तुझ्या अख्ख्या पत्रात मला सगळ्यात जास्त घाबरवलं ते मास्कने नाही, त्या ट्यूबच्या एका वाक्याने, त्यावर येतेच.

आधी मास्क. हे सगळं थोतांड आहे असं मी म्हणणार नाही, कारण तसं नाहीये. उजेडाने कातडीचे रोग बरे करायची कल्पना जुनी आहे, चेहऱ्यावरच्या क्षयरोगावर प्रकाशाने उपचार केल्याबद्दल डेन्मार्कच्या नील्स फिन्सेनना 1903 साली नोबेल मिळालं होतं. जाहिरातीत "नासा टेक्नॉलॉजी" लिहितात ना, त्यातही कणभर खरं आहे, 1990च्या दशकात अंतराळात झाडं वाढवायला म्हणून जे लाल एलईडी बनवले गेले त्यांचा जखमा भरून येण्यासाठी उपयोग होतो का यावर नासाच्या पैशाने काम झालं होतं. पण त्याचा अर्थ तुझ्या कार्टमधला मास्क नासाने तपासलाय असा होत नाही एवढं लक्षात ठेव.

आता त्यातला कुठला रंग काय करतो ते बघू, कारण सगळी गोम तिथेच आहे. निळा प्रकाश, साधारण 415 नॅनोमीटरचा (प्रकाशाच्या लहरीची लांबी, तिच्यावरून रंग ठरतो), कातडीच्या वरवरच्या थरात थांबतो. पुटकुळ्यांत जे जंतू असतात त्यांच्या पोटात पॉर्फिरिन नावाचं द्रव्य असतं, ते निळा प्रकाश शोषतं आणि त्यातून तयार होणारा ऑक्सिजनचा तिखट प्रकार त्या जंतूलाच मारतो. म्हणून लाल, सुजलेल्या, पू भरलेल्या पुटकुळ्यांना निळ्याचा थोडाफार फायदा होतो, ब्लॅकहेड्स व्हाइटहेड्सना फारसा नाही. लाल प्रकाश, साधारण 630च्या आसपासचा, जरा खोल जातो, पेशींच्या आतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भागावर काम करतो, सूज उतरवतो, कोलॅजन थोडं वाढवतो, म्हणून बारीक सुरकुत्यांसाठी तो वापरतात. आणि 830च्या आसपासचा इन्फ्रारेड तर डोळ्यांना दिसतच नाही, मास्कमधले काही दिवे बंद आहेत असं वाटून लोक कंपनीला तक्रार करतात ते दिवे बऱ्याचदा हेच असतात. बाकी हिरवा, पिवळा, जांभळा, आकाशी, ह्या रंगांच्या मागे सांगण्यासारखा पुरावा नाही, सात रंग म्हणजे सातपट फायदा असं काही नसतं.

म्हणजे मास्कची कामं दोन. सौम्य ते मध्यम पुटकुळ्या, आणि थोड्याफार सुरकुत्या. तेही आठ ते बारा आठवडे आठवड्यातून तीन-चार-पाचदा नेमाने लावला तर, आणि फरक पडतो तो "बरं दिसतंय" इतपत, रीलमधल्या आधी-नंतरच्या फोटोंसारखा नाही, त्या फोटोंत अर्धं काम खिडकीतल्या उजेडाचं असतं. यात वांग कुठे आहेत? कुठेच नाहीत. आणि तुझ्या पत्रात तू वांगांबद्दल दीड पान लिहिलंयस आणि पुटकुळ्यांबद्दल चार ओळी.

बरं, नुसता उपयोग नाही एवढंच असतं तर मी म्हटलं असतं तुझे पैसे तुझी हौस, घे. पण आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या कातडीत निळा प्रकाश डाग वाढवू शकतो. हे ऐकीव नाहीये, 2014 साली फ्रान्समधल्या त्वचातज्ज्ञांनी निळा-जांभळा 415 नॅनोमीटरचा आणि लाल 630चा प्रकाश निरोगी माणसांच्या कातडीवर टाकून बघितला, लालने रंग बदलला नाही, निळ्याने गडद डाग आले आणि ते आठवडेच्या आठवडे टिकले. पुढे 2018मध्ये त्याच गटाने दाखवलं की कातडीला रंग देणाऱ्या पेशींमध्ये ऑप्सिन-3 नावाचं एक प्रथिन असतं, निळा प्रकाश पडला की त्याला समजतं आणि पेशी रंग बनवायला लागते, आणि सावळ्या कातडीत हे जास्त होतं. गोऱ्या कातडीच्या मुलीने मास्क लावून केलेलं रील तुझ्या गालाला लागू पडेलच असं नाही ते यामुळे.

"नुसता प्रकाश, साइड इफेक्ट काय होणार" हे जे तू लिहिलंयस ना, त्यावर जरा थांब. ज्या गोष्टीचा शरीरावर काहीतरी इफेक्ट होतो तिचा नको तोही होऊ शकतो, आणि ज्याचा अजिबात साइड इफेक्ट नाही त्याचा इफेक्ट तरी कशावरून असेल? मुळात तुझे वांग आले ते कशाने, बाळंतपणातले हार्मोन्स हे खरंच, पण त्यांना रोज खतपाणी कोण घालतंय तर उन्हाचा प्रकाशच ना. त्यात यूव्ही (डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण) असतं तसा हा दिसणारा उजेडही असतो. एलईडी मास्कमधून यूव्ही येत नाही, कॅन्सर-बिन्सरची भीती जी काहींना वाटते ती या बाबतीत उगाच आहे, पण म्हणून तो पाण्यासारखा निरुपद्रवी झाला असंही नाही. डोळ्यांचंही तसंच. 2019 साली न्यूट्रोजिनाने पुटकुळ्यांसाठीचा आपला निळ्या-लाल दिव्यांचा मास्क बाजारातून मागे घेतला, कारण डोळ्यांचे काही विशिष्ट आजार असलेल्यांना आणि प्रकाश सोसवत नाही अशी औषधं चालू असलेल्यांना त्यातून डोळ्याला इजा होण्याची शक्यता निघाली. एवढ्या मोठ्या कंपनीला मागे घ्यावा लागतो तिथे अडीच हजारांच्या प्लास्टिकच्या मुखवट्यात डोळ्यांपुढे काय आहे, किती मिलीवॅटचा दिवा आहे, कोणी मोजलाय तरी का, याची खात्री कोण देणार तुला?

आता ट्यूब.

तू नाव लिहिलं नाहीस, पण तू वर्णन केलंयस ते वाचून कुठलाही स्कीनचा डॉक्टर कपाळाला हात लावेल. आधी झपाट्याने उजळणं, मग सवय लागणं, आणि बंद केली की दोन दिवसांत लाल होऊन आग होणं, हे चेहऱ्यावर स्टेरॉइडचं मलम बराच काळ लावल्याचं अगदी ठराविक लक्षण आहे. ट्यूब हातात घे आणि मागे बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते वाच, मोबाईलने फोटो काढून मोठा करून वाच. मोमेटासोन, बेटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन, यातलं काही दिसलं तर ते स्टेरॉइड. बऱ्याचदा त्याच्या जोडीला हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असतं, तीन औषधं एकाच ट्यूबमध्ये. हे औषध वाईट आहे असं नव्हे, वांगांवर डॉक्टर ते देतातही, पण मोजून काही आठवडे, आणि मग थांबवतात. दोन वर्षं नाही. स्टेरॉइडची मलमं 2018 पासून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे आपल्या देशात, तरी काउंटरवर "चेहरा उजळायला कायतरी द्या" म्हटलं की तीच ट्यूब पुढे येते, आणि एका वहिनीला फरक पडला की तिच्या जावेला, जावेच्या बहिणीला, अशी गावभर फिरते. तुझी चूक म्हणून सांगत नाहीये हे, तुला कोणी सांगितलंच नाही तर तुला कळणार कसं.

होतं काय, की स्टेरॉइड रक्तवाहिन्या आवळतं आणि सूज दाबतं म्हणून चेहरा उजळ नितळ दिसतो. पण महिनेच्या महिने लावल्यावर कातडी पातळ होते, वाहिन्या वर दिसायला लागतात, बारीक लव वाढते, आणि मलम काढलं की त्या आवळलेल्या वाहिन्या एकदम फुलतात, तीच तुझी लाली आणि जळजळ. आणि अजून एक गोष्ट, स्टेरॉइडने पुटकुळ्याही येतात. तू ट्यूब लावायला लागलीस दोन वर्षांपूर्वी, पुटकुळ्या सुरू झाल्या गेल्या वर्षी. तुला वाटतंय तुला दोन आजार आहेत आणि त्यातल्या दुसऱ्यासाठी मास्क हवाय, पण कदाचित दुसरा आजार म्हणजे पहिल्याचा उपायच असेल. हनुवटी आणि जबड्याच्या कडेच्या पुटकुळ्यांना हार्मोन्सचं कारणही असतं, पीसीओडी म्हणा, पाळीचं म्हणा, म्हणून नक्की काय ते तपासल्याशिवाय मीही सांगू नये, पण तारखा जुळवून बघ.

अशा पातळ, हुळहुळ्या झालेल्या कातडीवर त्या मलमाच्या वर रोज रात्री दिव्यांचा मास्क चढवायचा म्हणजे पावसात ओल धरलेल्या भिंतीवर ओल तशीच ठेवून नवीन रंग मारायचा, दोन महिन्यांत पापुद्रे निघणार आणि दोष रंगाला देणार आपण. त्यात ट्यूबमध्ये ट्रेटिनॉइन असेल तर त्याने कातडी आधीच प्रकाशाला हळवी झालेली असते.

तर पहिलं काम, स्कीनच्या डॉक्टरकडे जा. आणि जाईपर्यंत ट्यूब स्वतःच्या मनाने एकदम फेकून देऊ नकोस, कारण मग ती लाली भडकेल आणि तू घाबरून परत लावशील, बहुतेक जणींचं असंच होतं. हळूहळू कमी करायची की एका दिवसात थांबवून त्याऐवजी टॅक्रोलिमससारखं स्टेरॉइड नसलेलं दुसरं मलम द्यायचं हे डॉक्टर चेहरा बघून ठरवतात. जाताना ट्यूब आणि तिचं खोकं दोन्ही घेऊन जा, पाळी रोखायच्या किंवा कसल्याही गोळ्या चालू असतील तर त्यांची पाकिटं पण घे, गर्भनिरोधक गोळ्यांनी वांग वाढतात आणि हे डॉक्टरने विचारायच्या आधी आपण सांगितलेलं बरं.

कुठे जायचं? बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) त्वचारोग विभागाची ओपीडी आहे, सकाळी लवकर गेलीस तर दुपारपर्यंत मोकळी होशील, एक दिवस रजा टाकावी लागेल. मडगावला आणि म्हापशाला जिल्हा हॉस्पिटलं आहेत, फोंड्यात खाजगी स्कीनवाले आहेत. फक्त पाटीवरची डिग्री बघ, त्वचारोगातलं एमडी किंवा डिप्लोमा हवा, नुसतं "कॉस्मेटॉलॉजिस्ट" लिहिलेलं असेल तर एमबीबीएसनंतर काय शिकलात ते सरळ विचार, विचारायला लाजायचं नाही. पार्लरमध्ये एलईडीचं पॅकेज देतात तिथे तर आत्ता पाऊलही टाकू नको.

आता मला जे वाटतं ते लिहिते, चुकीचं असेल तर सोडून दे. तू दोनदा लिहिलंयस की "कोणाला कळत नाही". मास्कमधली तुला आवडलेली गोष्ट प्रकाश नाहीये गं, दार बंद करून गुपचूप करता येतं ही आहे. डॉक्टरकडे गेलं तर कोणतरी बघणार, घरी कळणार, सासूबाई विचारणार, आणि गोव्यात तर बांबोळीच्या ओपीडीत बसलं की निम्मा गाव तिथेच भेटतो हे मलाही माहीत आहे. पण ही जी ट्यूब तुला दोन वर्षं चिकटून बसलीय ती पण गुपचूपच आली ना? काउंटरवर हळू आवाजात मागितली, पिशवीत घालून घरी आणली, कोणाला दाखवली नाही. कोणी जाणत्या माणसाने एकदा बघितली असती तर सहाव्या आठवड्यात थांबली असती. म्हणून मी तुला घरातल्या एका तरी माणसाला सांगून जा म्हणेन. नवऱ्याला सांग, व्हिडिओ कॉलवर नीट ट्यूब दाखवून सांग. तो बिचारा तिकडे डेकवर राबतोय आणि तू मागशील ते आणेल, 400 डॉलर त्याच्यासाठीही काही थोडे नाहीत, मग कशाला आणतोय ते तरी त्याला कळू दे. तू स्वतः कमावतेस, तुझ्या चेहऱ्यावर तुझे पैसे घालायला कोणाची परवानगी लागत नाही हे मी सगळ्यांना ठणकावून सांगत असते, इथे परवानगीचा प्रश्न नाहीये, साथ असण्याचा आहे.

लग्नाचं बोलूया, कारण तारीख ठरलीय आणि तुझी सगळी घाई त्या तारखेची आहे. इथे मी तुला गोड बोलून फसवणार नाही. ट्यूब सुटताना काही आठवडे चेहरा आतापेक्षा वाईट दिसेल, लाल, खवखवीत, कदाचित पुटकुळ्याही वाढतील. आत्ता सप्टेंबर चाललाय. या आठवड्यात गेलीस तर सगळ्यात वाईट काळ ऑक्टोबर-नोव्हेंबरात जाईल आणि जानेवारीपर्यंत बरंच शांत झालेलं असेल, पूर्ण बरं नाही, काहींना त्याहून जास्त महिने लागतात. नवरा आल्यावर जाऊ, तुळशीचं लग्न झाल्यावर जाऊ करत डिसेंबर उजाडला तर मात्र ऐन लग्नात भडका उडेल, नाहीतर लग्नासाठी म्हणून अजून चार महिने ट्यूब ओढशील. दुसरा पर्याय असा की लग्न होईपर्यंत डॉक्टरच्या देखरेखीखाली सौम्य मलमावर राहायचं आणि पूर्ण सुटका नंतर करायची, असाही मार्ग डॉक्टर काढू शकतात, म्हणून त्यांना लग्नाची तारीख सांग, लाजू नको, त्यांना सवय असते. तारीख आधी कळली तर ते औषध त्या हिशेबाने लावतात.

आणि वांग पूर्ण जातीलच असं समजू नको. ते फिके होतात, महिने लागतात, उन्हात फिरलं की परत येतात, हा त्यांचा स्वभाव आहे. त्यांच्यासाठी जे खरंच काम करतं ते एलईडीइतकं चकचकीत नाही म्हणून त्याचं कोणी रील बनवत नाही, ते म्हणजे रंग असलेलं सनस्क्रीन. साधं पांढरं सनस्क्रीन यूव्ही अडवतं, दिसणारा निळा उजेड फारसा अडवत नाही, पण ज्यात आयर्न ऑक्साइड असतं, जे कातडीच्या रंगाचं, टिंटेड म्हणून मिळतं, ते तोही अडवतं. हजाराच्या आत चांगलं मिळतं. दोन बोटांवर लांब रेघ येईल एवढं चेहऱ्याला आणि मानेला, स्कूटरवर निघायच्या आधी, आणि दुपारी जेवल्यावर परत, कारण आपल्याकडच्या घामात सकाळचं काय टिकत नाही. हेल्मेटची काच खाली केली म्हणजे झालं असं नाही, उजेड आत येतोच. उष्णतेनेही वांग चिडतात, तेव्हा भाकऱ्या-तळणं असेल त्या दिवशी चुलीपासून तोंड जरा लांब. मात्र सध्या तुझा चेहरा जळजळतोय तर कुठलं सनस्क्रीन सोसेल तेही डॉक्टरलाच विचार, उगाच आजच लावून आग करून घेऊ नको.

सासूबाईंचं लिंबू मात्र नको. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की कातडी भाजल्यासारखी होते आणि मागे काळे चट्टे राहतात, वांगांवर अजून वांग. साय खाऊ दे त्यांच्या नातीला. त्यांना दुखवायची गरज नाही, "डॉक्टरने काहीच लावू नको म्हटलंय" हे वाक्य आपल्या घरांत चालतं, आणि एकदा खरंच डॉक्टरकडे जाऊन आलीस की ते खोटंही नसेल.

आता बाकीच्यांसाठी, कारण मास्कबद्दल विचारणारी ही एकटी नाहीये, गेल्या काही महिन्यांत असलीच पत्रं बरीच आलीत. तुम्हाला वांग नाहीत, डाग पटकन पडणारी कातडी नाही, चेहऱ्यावर स्टेरॉइड नाही, आणि मध्यम पुटकुळ्या आहेत किंवा पन्नाशीच्या आसपास बारीक सुरकुत्यांसाठी काहीतरी करावंसं वाटतंय, परवडतंय, तर मास्क घ्यायला माझी ना नाही. पण पुटकुळ्यांसाठी आधी अॅडापॅलीन, बेन्झॉइल पेरॉक्साइड असली साधी औषधं डॉक्टरला विचारून तीन महिने नीट लावून बघा, ती काही शे रुपयांत येतात आणि त्यांच्यामागे पुरावा मास्कपेक्षा किती तरी जास्त आहे. कपाळावर, पाठीवर एकसारखे बारीक खाज येणारे पुरळ असतील तर आपल्या दमट हवेत ते बऱ्याचदा बुरशीचे असतात, पुटकुळ्या नव्हेतच, आणि केसांना चोपडलेलं खोबरेल कपाळावर उतरत असेल तर तेही कारण असतं, तिथे मास्क काय करणार. ल्युपस असेल, उजेडाच्या लुकलुकण्याने फीट येत असेल, डोळ्याच्या पडद्याचा आजार असेल, डॉक्सिसायक्लिन, आयसोट्रेटिनॉइन किंवा बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर डॉक्टरला विचारल्याशिवाय अजिबात नको. आणि केस काढायचं आयपीएलचं मशीन म्हणजे हे नव्हे, ते वेगळं, सावळ्या कातडीला त्याने भाजू शकतं, दोन्हींत गल्लत करू नका.

घेताना खोक्यावर नॅनोमीटरचे आकडे लिहिलेत का बघा, नुसतं "रेड, ब्ल्यू" पुरेसं नाही. प्रति चौरस सेंटिमीटर किती मिलीवॅट तेही लिहिलेलं असावं, तेवढा आकडा असला की डोस काढता येतो, 30 मिलीवॅटचा मास्क दहा मिनिटं लावला की प्रति चौरस सेंटिमीटर 18 ज्यूल. दहाच्या जागी चाळीस मिनिटं लावून फायदा चौपट होत नाही, एका हद्दीपलीकडे उलट कमी होतो, त्यामुळे मालिका बघता बघता लावून झोपून जाऊ नका. डोळ्यांसाठी वेगळी झाकणं हवीतच. "एफडीए अॅप्रूव्हड" छापलेलं असतं, आपल्याकडे एफडीए म्हटलं की चवथीच्या आधी मिठाईच्या दुकानांवर धाडी घालणारे डोळ्यांपुढे येतात, ही एफडीए अमेरिकेतली, आणि ती असल्या मास्कना मंजुरी देते ती बहुतेक वेळा "आधीपासून बाजारात असलेल्या यंत्रासारखंच हे आहे" एवढ्यापुरती, नुसती कंपनीची नोंदणी केलेली असली तरी जाहिरातवाले तेच लिहितात. बाहेरून आणलेल्या मास्कची वॉरंटी इथे चालेल का ते आधी विचारा. वापरताना चेहरा धुऊन कोरडा करून, वर कुठलंही औषधी मलम नसताना, सुरुवातीला जबड्याच्या एकाच बाजूला चार-पाच दिवस बघून. दर पंधरा दिवसांनी त्याच खिडकीत त्याच वेळेला फोटो काढायचा, आणि कुठे काळसर व्हायला लागलं की त्या दिवशी बंद. दोघींनी मिळून वापरत असाल तर प्रत्येक वेळी पुसून घ्या. जून ते सप्टेंबर आपल्याकडे चपलांना बुरशी येते तिथे सिलिकॉनच्या मास्कला यायला कितीसा वेळ, कोरडा करून डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा.

परत तुझ्याकडे येते. नवऱ्याला आज मेसेज कर की मास्क घेऊ नको, ठेवलाच असेल घेऊन तर बिल जपून ठेव आणि परत करायची मुदत कधीपर्यंत ते बघ. डॉक्टरकडे जाऊन आलीस, ट्यूब सुटली, कातडी शांत झाली, आणि तरीही मास्क हवासा वाटला तर डॉक्टरला एवढंच विचार की माझ्या चेहऱ्याला फक्त लाल आणि इन्फ्रारेडवाला चालेल का, निळा नसलेला. हो म्हणाले तर घे खुशाल, तो पुढच्या कॉन्ट्रॅक्टवरून येताना आणेल. आणि ट्यूबच्या मागे काय लिहिलंय ते वाचलंस की मला दोन ओळी पाठव.